दुसरी गुहा

प्रिय सुमी,

तुझे बाबा तसे बरे आहेत. जेवतात, झोपतात, परसातल्या कारल्याच्या वेलाशी गप्पा मारतात. इंग्रजी मात्र पार गेलं. डॉक्टर म्हणतात, नंतर शिकलेलं आधी पुसलं जातं. उरली आहे ती त्यांच्या आजीची, ओकिनावा बेटावरची बोली. काल टपालवाल्याला त्यांनी त्या बोलीत रताळी कशी लावावीत ते सविस्तर समजावलं. तो भला माणूस मान डोलावत उभा राहिला. तुला ती बोली कळत नाही, कळणार तरी कशी? शाळेत पोरं हसतील म्हणून, दोघांना ती येत असूनही, घरात आम्ही इंग्रजीच बोलायचो.

ते जन्मले इथेच, हवाईत, पण आई वारल्यावर त्यांना तिकडे जपानात, ओकिनावाला आजीकडे धाडलं. मिसरूड फुटायच्या सुमाराला ते परत आले. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि तुझ्या आजोबांच्या केशकर्तनालयात कुणी फिरकेना. जपान्याच्या हातात वस्तरा आणि त्याखाली आपली मान, कोण देणार? पुढे अमेरिकेच्या सैन्यात आपल्या जपानी वंशाच्या पोरांनाही घ्यायला लागले, तसं बाबांनी नाव दिलं. दुभाषा म्हणून त्यांना नेमकं ओकिनावालाच पाठवलं.

बाबांच्या पदकाची गोष्ट तू ऐकली आहेस, लोक सांगतात तेवढी. गुहेत गावकरी लपले होते आणि त्यांच्यात बंदुका घेतलेले दोन जपानी शिपाई. बाहेर पडेल त्याला गोळी घालू, अशी त्यांची धमकी. अधिकारी नको म्हणत असताना बाबा बंदूक खाली ठेवून, हात वर करून आत शिरले. अंधारातून एका म्हातारीनं विचारलं, “कुणाचा रे तू?” त्यांनी आजीचं नाव सांगितलं.

“म्हणजे तिची डुकरं हरवून यायचा, तो नातू तूच का?”

बाबांनी हो म्हटलं.

“अजून बोबडंच बोलतोस,” असं म्हणून म्हातारी उठली आणि शिपायांच्या समोरून चालत बाहेर पडली. तिच्यामागे सगळं गाव निघालं. शिपायांचा हात उचललाच गेला नाही. पदक आजोबांनी दुकानात आरशाशेजारी टांगलं. जुनी गिऱ्हाइकं हळूहळू परतली, आणि आजोबांनी कुणालाही काही न विचारता त्यांच्या दाढ्या केल्या.

दुसऱ्या गुहेबद्दल कुणी बोलत नाही. मलाही त्यांनी एकदाच सांगितलं, तू पोटात होतीस तेव्हा. तिचं तोंड दगडांनी बुजलं होतं. आत शिरता येईना, म्हणून फटीतून हाका मारायच्या. आतून एका लहान मुलीचा आवाज आला. म्हणाली, “आई सोडत नाही.” बाबा तिच्याशी बोलत राहिले, तिला फटीकडे बोलावत राहिले. आवाज जवळ येत होता. तेवढ्यात, अमेरिकनांच्या हाती लागण्यापेक्षा मरण बरं म्हणून, आत कुणीतरी हातबॉम्ब फोडला. बाबांनी नुसत्या हातांनी दगड उपसले. मुलगी फटीपासून हातभर अंतरावर होती. हे सांगताना त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला होता, आणि मी तो तसाच राहू दिला.

आता हे का लिहिते ते सांगते. गेल्या महिन्यात तू आलीस, बाबांना वृद्धाश्रमात ठेवू या म्हणून माझ्याशी भांडलीस आणि खोलीचं दार लावून बसलीस. बाबा त्या दारावर थापा मारत ओरडत होते. तू बॅग भरलीस आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेलीस. विमानतळावरून फोनवर म्हणालीस, “बाबांनी कधी आवाज चढवला नाही, आणि आता मला घराबाहेर काढतात.” मला रडू आवरेना, म्हणून तेव्हा बोलले नाही. ते तुला काढत नव्हते, सुमी. ते त्यांच्या बोलीत म्हणत होते, “बाहेर ये, बाळ. आईचं ऐकू नकोस. इथं कुणी मारत नाही.” तू गेल्यावर त्यांनी ती रिकामी खोली नीट पाहिली, पलंगाखालीही वाकून पाहिलं, आणि मला विचारलं, “आली का ती बाहेर?” मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज विचारतात, मग दिसत का नाही? वृद्धाश्रमाचं तू म्हणशील तसं करू. पण आधी एकदा ये. बोलायचं काहीच नाही, नुसती त्यांच्यासमोर उभी राहा.

तुझीच,
आई