आप्पांचं ताट

रविवार, संध्याकाळ

अखेर लग्नाचं ठिकाण ठरलं. पिंपरी, दापोडी, चाकण, सगळीकडचे हॉल मीच नाकारले होते. सागरला, माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, वाटतंय की मला मारुंजीच्या या लॉनचं स्टेज आवडलं. त्याला खरं कारण सांगायला हवं होतं का?

याच लॉनवर माझे वडील, आप्पा, वॉचमन होते. मी दहावीत असताना त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते एका लग्नात कोपऱ्यात जेवत होते. पाहुण्यांआधी जेवायला बसले म्हणून मालकाने सगळ्यांदेखत त्यांच्या हातातलं ताट ओढून घेतलं. अर्धा भात तसाच होता ताटात.

आज तोच मालक माझ्यासाठी खुर्ची पुसत होता. मी विचारलं, "मुलीच्या वडिलांना कोण वाढणार?"

"आमचे वाढपी हायेत की, मॅडम."

"नाही. ताट तुम्ही स्वतः आणायचं, तुम्हीच वाढायचं. तसं लिहून द्या, तरच बुकिंग."

"व्हय, देतो की," म्हणत त्याने हसत सही केली. मला ओळखलंच नाही त्याने.

सूड उगवायला स्वतःचं लग्नच सापडलं का मला? हो, सापडलं. ते ताट डोळ्यांपुढून जातच नाही.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, बुकिंग मोडायला लावतील. पण ते उठून पेटीपाशी गेले. मग म्हणाले, "मला नवे कपडे घेऊ नकोस. वॉचमनचा शर्ट आहे अजून पेटीत. तोच घालून जेवायला बसतो."