नेल्डाच्या दुकानातले खिळे

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कशी आहे मंडळी? विचारणारं दुसरं कोणी नाही, म्हणून मीच विचारतो. उजवा गुडघा — बरा. डावा — थंडी पडली की कुरकुरतो. मफिन, कुत्रा — कान गेले, नाक शाबूत, भूक दांडगी. कोंबड्या — रुसल्यात, अंडी बंद. शेगडी — धूर ओकते. आर्डिथ गेली, तिचं खिडकीतलं जिरेनियमचं रोप — जिवंत! मी — बरा. म्हणजे, बरा असं म्हणायचं.

काल संध्याकाळी दारात एक माणूस. गाडी बंद पडली म्हणाला. फोन करू दिला, कॉफी दिली. कॉफी पिता पिता तो सगळीकडे बघत होता — कपाट, मागचं दार, रिकामी खुर्ची. "एकटेच राहता का इथे?" म्हणाला. साधं विचारलं असेल. नसेलही. तो गेल्यावर मी दाराला खुर्ची टेकवून बसलो. एकाहत्तर वर्षांचा बाप्या, आणि दाराला खुर्ची! शेरीफला बोलवावं तर त्याची गाडी येईपर्यंत बटाटे उकडून गार होतात.

मार्नीला फोनवर सांगून बसलो. नको होतं सांगायला. "बाबा, घर विका. इकडे या. तुमची खोली रंगवून ठेवलीय." पोरगी मायाळू आहे. पण त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं. "मेपर्यंत बघू," म्हणालो. "ठीक. मेमध्ये मी येते. तुम्ही एकटे राहू शकता की नाही ते मीच बघणार. नाही वाटलं तर सामान बांधायचं, वाद नाही."

झालं. मे महिन्यापर्यंत मुदत.

१५ ऑक्टोबर

अपमान!

नेल्डाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पुढे खिळे आणि रंग, मागे बंदुका. या भागात प्रत्येक पोर बारा वर्षांचं झालं की बंदूक धरायला शिकतं, आता नेल्डाकडे. एक मी सुटलो. हरीण आर्डिथने मारायचं आणि मी शिजवायचं, असा आमचा संसार. मी शाळेत स्वयंपाकी. पिठाच्या पिशवीवरच्या पाककृती वाचून शिकलो आणि सगळ्या गावाला जेवू घातलं. बंदुकीला हात कधी लावला नाही.

"काय रे ऑर्लो, काय हवं?"

"पिस्तूल."

रंग घेणारे दोघे वळून बघायला लागले.

"कशाला?"

"साप फार झालेत."

"ऑक्टोबरात? ते कधीच बिळात गेले." मग काउंटरवर वाकून, हळूच — "जेवतोस का नीट? झोप लागते?"

"मी पिस्तूल मागतोय, जुलाबाचं औषध नाही!"

"आज नाही विकत मी तुला."

"दुसरीकडे जाईन."

"जा. पण शनिवारी गावच्या सभागृहाच्या तळघरात माझा वर्ग असतो, तिथे ये. आधी शीक, मग घे. बूटसुद्धा पायात घालून बघतोस ना?"

घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिला उत्तरं देत होतो. एकाहून एक झणझणीत! आर्डिथच्या दोन रायफलीही तिच्याकडेच आहेत. जूनमध्ये तिच्या अंत्यविधीनंतर तेलपाणी करायला म्हणून नेल्या, त्या अजून परत नाहीत. किती तेल पितात त्या?

१८ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. जायचं नव्हतं, पण घर खायला उठतं शनिवारी.

वर्गात मी आणि दोन शाळकरी पोरी. त्यातली टेसा म्हणते, "आजोबा, तुम्ही नापास झाला होता का?" दुसरी तिला कोपर मारते. "अगं, हे दालचिनी रोलवाले! आई अजून सांगते ना — चिली आणि रोल." माझी राजमा-खिम्याची चिली! मान वाढला एकदम.

आज एकही गोळी नाही. नेल्डाने एक रिव्हॉल्व्हर घेतलं, गोळ्यांची चकरी उघडली, सगळी घरं रिकामी दाखवली आणि माझ्या हातात दिलं. मी घेतलं.

"आत बघितलंस?"

"आत्ता तूच तर दाखवलंस!"

"मग? माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या आईवरही नको. हातात आली की स्वतः उघडायची, स्वतः बघायची. तोवर ती भरलेलीच."

पोरी फिदीफिदी हसल्या. त्यांना हे पाठ होतं.

२५ ऑक्टोबर

बोट चापावर नाही. निशाण धरेपर्यंत बोट बाहेर, नळीच्या बाजूला सरळ. आठवडाभर चमचासुद्धा तसाच धरतोय. सूप सांडतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज नेल्डाने मला माझी आवड विचारली. मी काचेच्या पेटीतलं सगळ्यात छोटं पिस्तूल दाखवलं. खिशात मावेल, हलकं, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झेपेल. नेल्डा हसली. "प्रत्येक नवखा हेच बोट दाखवतो. घे, उडव."

बाप रे! मिरची जेवढी लहान तेवढी तिखट. हाताला असा झटका बसला की अंगठा अजून ठणकतोय. वरचा सरकता भाग मागे ओढायलाही जमेना. बोटांची पेरं सुजलेली माझी. "हलकी बंदूक धक्का स्वतः घेत नाही," नेल्डा म्हणाली, "सगळा तुला देते." मग तिने जाडजूड पोलादी रिव्हॉल्व्हर दिलं, बारीक काडतुसांचं. परातीएवढं जड वाटलं. पण उडवलं तर नुसता खोकला. हे बरं!

तरी गोळ्या सगळ्या खाली जात होत्या. निशाणाच्या कागदाच्या पायथ्याशी. नेल्डाने रिव्हॉल्व्हर स्वतः भरून दिलं. दोन गोळ्या उडाल्या. तिसऱ्याला चाप ओढला, तर नुसतं टक्! तिने मध्ये एक रिकामं काडतूस घातलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी नळी धाडकन खाली गेली. सगळ्यांनी बघितलं.

"बघ. गोळी सुटायच्या आधीच दचकतोस तू."

टेसा म्हणाली, "मी पण दचकायचे, आजोबा. पहिल्या वर्षी."

पहिल्या वर्षी! म्हणजे जेमतेम बाराची असेल.

९ नोव्हेंबर

बर्फ. मफिनला खेचून बाहेर काढावं लागलं. फोन नाही. मीही केला नाही कोणाला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सणाचं जेवण. मार्नी यायची होती, पण बर्फाने महामार्ग बंद. टर्की एकट्यासाठी काय भाजायची! चिली आणि रोल केले. सवयीने शाळेला पुरतील एवढे.

दुपारी नेल्डाची गाडी. ती वृद्धाश्रमातून आली होती. तिचा नवरा व्हर्ल तिथे आहे, त्याची आठवण गेलीय. "मला ओळखलं नाही आज. तुझे रोल नेले असते तर त्यांना ओळखलं असतं." हसली. मग बराच वेळ हसली नाही.

खाता खाता मी विचारलंच — आर्डिथच्या रायफली कधी देणार?

तिने चमचा खाली ठेवला. "तुला खरंच माहीत नाही? या मातीत जन्मलास ना रे?"

"स्वयंपाकघरात जन्मलो."

मग तिने सांगितलं. इथे कोणाच्या घरी मरण आलं, कोणाचं कुरण बुडालं, कोणी मुलाबाळांपासून तुटलं, की शेजारी भांडं घेऊन जातात. बटाटे, मांस, वर चीज. बसतात, हवापाण्याचं बोलतात. आणि निघताना दारावर टांगलेली बंदूक काढून गाडीत ठेवतात. तेल द्यायला, म्हणायचं. घरचा माणूसही बरं म्हणतो. दुःखाच्या काळ्या रात्री ती त्याच्या हाताशी नको, एवढंच. तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या टांगायला खिळे आहेत, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. वसंतात माणूस येतो, हवापाण्याचं बोलतो, आपली घेऊन जातो. कोणी विचारत नाही, का दिली ते कोणी लिहून ठेवत नाही.

"मग मी दुकानात आलो तेव्हा..."

"तेव्हा तू सापांचं बोललास."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उन्हाळाभर हे गाव माझ्यावर नजर ठेवून होतं, आणि मला वाटत होतं कोणी फिरकत नाही.

वहीच्या पानापासून काय लपवायचं? साप नव्हतेच. तो गाडी बंद पडलेला माणूसही पूर्ण खरं कारण नव्हता. खरं कारण मी मनात बघितलंच नव्हतं. नेल्डाने बघितलं.

१३ डिसेंबर, शनिवार

घेतलं! तेच जाडजूड पोलादी. माझ्या आधी कोणीतरी वापरलेलं, मुठीचं लाकूड गुळगुळीत झालेलं. पाच प्रकार हातात धरून बघितले. एकाचा चाप मला ओढेना, एकाची मूठ हातात फिरे, एकाचं निशाण चष्म्यातून दिसेचना. हे हातात आलं आणि बसलं, जुन्या लाटण्यासारखं.

नेल्डाने बरोबर पोलादी पेटीही घ्यायला लावली. जमिनीला स्क्रूने आवळायची, आकड्यांचं कुलूप. गोळ्या वेगळ्या कपाटात. "मग चोर आला तर?" "आधी दिवा लाव, दाराला चांगली कडी बसव आणि मला फोन कर. पिस्तूल सगळ्यात शेवटी, ऑर्लो. आणि कुत्रा बदल, बहिरा आहे तो."

मफिनला हे सांगितलं. ऐकलं नाही.

४ जानेवारी, रविवार

 रिकाम्या रिव्हॉल्व्हरने घरी सराव करत होतो. उघडलं, बघितलं, बोटाने प्रत्येक घर चाचपलं. सगळं नीट केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर निशाण धरलं, चाप ओढला, टक्. छान! मग भिंतीपलीकडून मफिन घोरला.

पलीकडे. निशाणाच्या पलीकडे काय आहे ते बघायचं, हे टेसाला पाठ आहे. मला नव्हतं. रिकामंच होतं, माहीत आहे. तरी ते पेटीत ठेवलं आणि मफिनला जाऊन बघून आलो. आता सरावाला तळघर. समोर दगडी भिंत, तिच्यामागे माती.

१८ जानेवारी

आवाज गंजलाय. मफिनला "चल" म्हणालो तर घशातून भलताच सूर आला. बर्फाने दोन शनिवार वर्ग बंद, किती दिवस बोललो नाही कोणाशी. आज आर्डिथचा वाढदिवस. केक केला. कशाला केला?

१९ जानेवारी

सकाळीच रिव्हॉल्व्हर पेटीतून काढलं, रिकामं करून नेल्डाच्या दुकानात नेलं. "तेल द्यायचंय," म्हणालो. तिने उघडून आत बघितलं, चिठ्ठी बांधली, मागे नेऊन टांगलं. मलाही आत येऊ दिलं. किती खिळे भरलेले! चिठ्ठ्यांवरची नावं मी वाचली नाहीत. वाचायची नसतात.

"कॉफी?"

"चालेल."

दुपारपर्यंत बसलो. मोळे मोजून पिशव्यांत भरले. बरं वाटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

घरी आणलं. चिठ्ठी तिनेच सोडली. वर्गात सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत! टेसाने कागद काढून माझी सही मागितली. "दालचिनी रोलवाले नेमबाज" असं लिहायला लावलं.

१२ फेब्रुवारी

व्हर्ल गेला. पहाटे, झोपेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अंत्यविधी. चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. नंतर नेल्डाच्या स्वयंपाकघरात भांड्यांवर भांडी. सगळे आले, बसले, वाऱ्याचं बोलले, गेले. आणि कोणीही काही उचललं नाही! दारावरची रायफल तशीच. नेल्डाला कोण सांगणार, तेल द्यायला नेतो म्हणून? डॉक्टरची नाडी कोण बघतो? मीही दारापर्यंत गेलो, रायफलकडे बघितलं, आणि टोपी घालून बाहेर पडलो.

भित्रा.

२० फेब्रुवारी

तीनदा गाडी सुरू केली. तीनदा बंद. काय म्हणू तिला? उद्या जातो. नक्की.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मी निघायच्या आत तिचीच गाडी अंगणात. मागे घोंगडीत गुंडाळलेलं. तिच्या रायफली, तिचं पिस्तूल, व्हर्लची शिकारीची जुनी. केस विंचरलेले नव्हते. मी नेल्डाला असं कधी बघितलं नाही.

"दुकानात टांगता येत नाहीत मला या," ती म्हणाली. "तिथली किल्ली माझ्याकडेच असते ना."

मी एकेक घेतली. उघडली. आत बघितलं. तिने दाखवलेली असूनही. एवढा वेळ लागला त्याला, आणि तिने एकदाही घाई केली नाही. मग आर्डिथच्या रायफलींच्या रिकाम्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली माझ्या गळ्यातल्या दोरीत घातली.

"बस. आमटीसारखी पातळ झालीय चिली, पण गरम आहे."

बसली. आर्डिथच्या त्या रिकाम्या खुर्चीत. दोन वाट्या खाल्ल्या. मग रडली, आणि मी ताट घासत राहिलो, कारण तिला माझी पाठ हवी होती, तोंड नको.

३ मार्च, मंगळवार

नेल्डा बहिणीकडे ऑरेगॉनला गेली आहे. कधी येणार, सांगितलं नाही. दुकान टेसाची आई बघते.

मार्नीचा फोन. मे जवळ आलाय, खोक्यांची व्यवस्था करू का म्हणाली. मी म्हटलं, "नको गं बाळा. घरात ठेव आहे कोणाची तरी. ती टाकून मला हलता यायचं नाही."  ती म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज वेगळा येतोय." खोक्यांचं पुन्हा बोलली नाही.

नेल्डाला कार्ड टाकलं. जागा लहान, म्हणून एवढंच मावलं — सगळं कोरडं आहे, कुलपात आहे. जेवतेस का? दोन ओळी लिही, कशाही अक्षरात. पण या आठवड्यातच लिही.