कुणाच्या पोटात

१२ नोव्हेंबर, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर माझी जीभ सैल सुटते आणि मुद्दा मागे राहतो, म्हणून कागद घेतला. दुकान बरं चाललंय. मोटारी जळतात, पंप अडतात, लोक चिडून येतात आणि चहा पिऊन जातात. परवा एकाच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, हे मी फोनवरच्या आवाजावरून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर का झाला नाहीत?" म्हटलं, "यंत्रं थापा मारत नाहीत, म्हणून."

आता आपल्या धाकट्याचं. गुणगुणतो म्हणून तूच ज्याचं नाव भुंग्या ठेवलंस, त्याचं. सोमवारी सर्जन त्याचं पोट उघडून बघणार म्हणतात. संमतीच्या कागदावर आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. तुझा कागद पोचला असेल. सही करू नकोस.

रोज चार वाजून दहा मिनिटांनी त्याचं पोट दुखतं, आई गेल्यापासून. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं स्वच्छ. मी घड्याळं काढली, पडदे ओढले, तरी चार दहा. एक डॉक्टर म्हणाले, "नाटक असेल." एक्केचाळीस वर्षांत ज्याला साधं "जेवलो" हे खोटं सांगता आलं नाही, तो नाटक करणार! शेवटी त्या मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो, ज्यांनी गेल्या वर्षी त्याचा ऑटिझम ओळखला. त्या म्हणाल्या, "दुखणं खरंच आहे. पण कधीकधी भीती, दुःख आत ओळखूच येत नाही, शरीरच ते बोलतं. त्या वेळेला घरात काय झालं होतं?"

मी म्हणालो, "काही नाही."

ताई, रोज तीनच्या सुमारास घरात आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. घुर्र, घुर्र, मग सुस्कारा. मशीन तर मी आई गेली त्याच आठवड्यात देऊन टाकलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या पलंगाखाली वाकून पाहिलं, भिंतीला कान लावला. मग दिसलं. भुंग्या तिच्या खुर्चीत बसून, ओठ मिटून, घशातून तो आवाज काढत होता. हुबेहूब, सुस्काऱ्यासकट. चारच्या आधी त्यात बारीक घासल्यासारखं काहीतरी मिसळतं. चार दहाला सगळं थांबतं, आणि तो पोट धरतो.

ते घासणं मला ओळखीचं आहे.

दुकानात मी त्याला शिकवायचो, आठवतं? मोटारीवर पेचकस टेकवायचा, मूठ कानाला लावायची, आत खरखर आली की म्हणायचं, "पोटात दुखतंय." ही भाषा मीच त्याला दिली. आई गेली त्या दुपारी तो तीनदा जिना उतरून खाली दुकानात आला. "पोटात दुखतंय." मी दोन चमचे औषध पाजलं. पुन्हा आला, पुन्हा पाजलं. तिसऱ्यांदा बाही ओढायला लागला. समोर गिऱ्हाईक होतं. मी ओरडलो, "अरे, किती वेळा तेच!"

कुणाच्या पोटात, ते मी विचारलंच नाही. मशीनची धोक्याची शिट्टी त्याला सोसत नव्हती म्हणून मीच तिची तार काढून ठेवली होती. शिट्टीच्या जागी तो होता, ताई.

आई झोपेत गेली, असं मी तुला सांगितलं. मी वर गेलो तेव्हा मशीन बंद पडलेलं होतं, हे सांगितलं नाही.

काल त्याच्यासमोर बसलो. म्हणालो, "भुंग्या, मशीनच्या पोटात दुखत होतं. तू बरोबर सांगत होतास. मीच ऐकलं नाही." घुरघुर थांबली. त्याने उठून पेचकस आणला, माझ्या पोटावर टेकवला, मुठीला कान लावला. बराच वेळ. मग म्हणाला, "इथे."

चार दहा झाले. त्याने पोट धरलं नाही.

आत्ता चारला पाच कमी आहेत. भुंग्या खाली बेअरिंगं निवडतोय, वर मी एकटा. तरीही घुर्र, घुर्र, सुस्कारा. घासणं नुकतंच सुरू झालंय. गळ्याला हात लावून पाहिला. आवाज माझ्याच घशातून निघतोय.

सही करू नकोस. आणि माझ्यावर रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. चार दहाच्या आत ये.

तुझा,
तिखट कानांचा बहिरा भाऊ