जास्त आहे, निघा

आबा, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तलाठ्याने दिलेले कागदसुद्धा मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. तेव्हा हे पत्र मी नक्की कुणाला लिहितोय ते मलाही सांगता येणार नाही. पण इथे जे झालं ते समजेल असं माणूस तुमच्याशिवाय मला दुसरं माहीत नाही.

मी राहतो ते गाव इंग्लंडात, रीडिंग आणि मेडनहेडच्या मधलं. इथे दर महिन्याला एक चार पानी पत्रक निघतं. कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर ठेवायचा, कुठला रस्ता खणणार, कुणाची मांजर हरवली, कुणी घरामागे खोली वाढवायला परवानगी मागितली आणि शेजाऱ्याने त्याला काय हरकत घेतली, एवढ्याच बातम्या. आमच्या समोरच्या घरातला म्हातारा ते काढायचा. शाळेतून रिटायर झालेला, प्रत्येक गोष्टीवर कोटी करणारा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पहिलं दार त्यानेच वाजवलं. "तुझे पाय धड दिसतायत," म्हणाला. "आमची पत्रकं वाटशील का? माझे गुडघे संपावर गेलेत." मी हो म्हणालो. शनिवारी सकाळी बुद्धवंदना झाली की मी पिशवी खांद्याला लावायचो आणि दारादारांतून पत्रकं टाकत जायचो. लोक खिडकीतून हात करायचे. दर वेळी तुमची आठवण यायची. तुम्ही गावाच्या बातम्या घेऊन दारोदार गेलात, पण तुम्हाला अंगणाच्या बाहेर उभं राहावं लागलं. मी पार दरवाज्यापर्यंत जात होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला अभिमान वाटायचा.

तुम्ही कोतवाल. दवंडी पिटणं आणि तलाठ्याचे कागद पोचवणं हे तुमचं सरकारी काम. मयताचा सांगावा नेणं त्यात नव्हतं, तरी गाव ते तुमच्याच गळ्यात घालायचं. वस्तीतले लोक चिडायचे. दीक्षा घेतली, वर्षं लोटली, अजून त्यांची मयतं कशाला वाहतोस, असं तोंडावर विचारायचे. तुम्ही म्हणायचा, "कुणीतरी नीट सांगायला पाहिजे." एकदा तुम्ही मला बरोबर नेलं होतं. मळ्यातलं घर, ओसरीवर एक माणूस जेवायला बसलेला. तुम्ही फाटकाशी चपला काढत होता, तेवढ्यात मी पुढे होऊन बोललो, "तुमची आई मेली." तुम्ही मला तिथेच, त्या माणसासमोर, कानाखाली मारलीत. तो माणूस हातातला घास टाकून म्हणाला, "अजून हाण त्याला." तुम्ही अजून एक मारलीत.

परत येताना तुम्ही मला ते शिकवलंत. मेला म्हणायचं नाही. "जास्त आहे, निघा," एवढंच म्हणायचं. माणूस उठतो, चपला घालतो, चालायला लागतो. पायाला वाट लागली की मन आपोआप मागून येतं. शिवेपर्यंत त्याच्याबरोबर चालायचं, मध्ये काही विचारलं तर आभाळाकडे बघायचं. शीव आली की ते आपणच रडायला लागतात. त्या वेळी मला वाटलं होतं की ही फसवणूक आहे. मोठा झाल्यावर कळलं की नाही. "जास्त आहे" म्हटल्यावर आपल्याकडे म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना अर्थ ठाऊक असतो. सांगणारा सांगतो, ऐकणारा ऐकतो, आणि दोघं मिळून तो शब्द थोडा वेळ बाजूला ठेवतात.

या उन्हाळ्यात एका शनिवारी आम्ही गावाच्या हॉलमध्ये पत्रकांच्या घड्या घालत होतो. तो म्हातारा, मी, आणि पत्रकाचे पैसे सांभाळणाऱ्या एक बाई. म्हातारा काहीतरी विनोद सांगता सांगता टेबलावर वाकला. आम्हाला वाटलं, विनोदातलंच काहीतरी करून दाखवतोय. अँब्युलन्सवाले लवकर आले, बराच वेळ त्याच्या छातीवर जोर देत राहिले, मग थांबले. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्याच वेळी टेबलावरचा त्याचा फोन वाजायला लागला. त्याची बायको एडिनबराला बहिणीकडे गेली होती, तिचा फोन. त्या बाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या. मी फोन उचलला.

"ही इज सिरियस," मी म्हणालो. "प्लीज कम."

ती हसली. आबा, ती मोकळेपणाने हसली. "सिरियस? तो? जन्मात कधी सिरियस झाला नाही तो."

मी म्हणालो, तब्येत, तब्येत सिरियस आहे, निघा. मग तिचा आवाज बदलला. कुठल्या हॉस्पिटलात आहे, शुद्धीवर आहे का, विचारलं. "डॉक्टर जवळ आहेत," मी म्हणालो. "तुम्ही गाडीत बसा. मी स्टेशनवर घ्यायला येतो." फोन ठेवून मी तो सवयीने माझ्या खिशात टाकला. त्या बाईंनी विचारलं, "सांगितलंस तिला?" मी म्हणालो, सांगितलं. पोलीस आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. त्या क्षणी मला त्यात काही खोटं दिसत नव्हतं. मी आपल्या भाषेत सांगितलंच होतं.

दुपारी माझ्या खिशात तो फोन थरथरायला लागला. ती त्याला मेसेज पाठवत होती, शुद्धीवर आला की वाचेल म्हणून. नर्सशी वाद घालू नकोस. न्यूकॅसल गेलं. समोरचा माणूस तुझ्यासारखाच घोरतो. मग लंडनहून, पजामा घेतलाय, निळा, कुरकुर नको. फोन उघडायची गरजच नव्हती, अक्षरं वरच दिसत होती. तिला काहीच कळलेलं नाही हे मला पहिल्या मेसेजलाच समजलं. तेव्हा फोन करून सांगता आलं असतं. पण एकटी बाई, चालत्या गाडीत, अनोळखी माणसांत. मला तुम्ही आठवलात, आणि मी नाही केला.

स्टेशनवर ती पळत आली. गाडीत बसल्यापासून बोलत होती. आता त्याचा पलंग खाली आणायचा, जिना नको. मीठ बंद. पत्रक दुसऱ्या कुणीतरी काढावं. मी समोर बघत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी गाडी बाजूला घेतली. तीच आमची शीव, असं मी मनात ठरवलं होतं.

"ही इज नो मोअर," मी म्हणालो.

"नो मोअर व्हॉट?" तिने विचारलं. काय उरलं नाही, असं. खरंच विचारत होती.

मग मला तो शब्द वापरावाच लागला. डेड. ज्या शब्दासाठी तुम्ही मला मारलं होतं, तोच. ती रडली नाही. केव्हा, एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, सकाळी, तुमचा फोन आला त्याच्या आधीच. तिने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग दार उघडून उतरली आणि उरलेली गल्ली चालत गेली.

तिने ते कुणाकुणाला सांगितलं असेल, तो तिचा हक्क. पण गावाचं फेसबुकचं पान आहे, तिथे कुणीतरी लिहिलं. नाव नव्हतं, नावाची गरजही नव्हती. एका विधवेला अख्खा देश पार करायला लावला, नवरा जिवंत आहे असं भासवून. खाली लोक लिहीत गेले. विकृत आहे. कुणी म्हणालं, त्यांच्याकडे अशीच पद्धत असेल. कुणी म्हणालं, मग त्यांनी तिकडेच राहावं. ज्यांच्या दारात मी इतकी वर्षं पत्रकं टाकली त्यांची नावं मी ओळखत होतो. माझी मुलगी इथे जन्मलेली. स्वयंपाकघरात उभी राहून तिने मला ते वाचून दाखवलं. "बाबा, माझा फ्रेंडचा मम पण लाइक केला. व्हाय डिडंट यू जस्ट से इट?" मी तिला आपली पद्धत समजावली. ती ऐकून म्हणाली, "पण दॅट इज लाइंग, बाबा. तू रोज सकाळी म्हणतोस ना, खोटा बोलणार नाही?" तेव्हापासून वंदनेत चौथ्या शीलाशी आलो की माझा आवाज खाली जातो.

पैसे सांभाळणाऱ्या बाई एका संध्याकाळी दाराशी आल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत. "तुझ्या गल्ल्या आता दुसऱ्या कुणाला दिलेल्या बऱ्या," म्हणाल्या. "तू समजून घेशील." पिशवी मागितली. मी दिली.

अंत्यविधी झाल्यावर मी समोरच्या घरी गेलो. तिने दार उघडलं, पण धरून ठेवलं. मी माफी मागितली. मग तिला तुमच्याबद्दल सांगितलं, सगळं, मळ्यातल्या घरापासून शिवेपर्यंत. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं, पोचतंय. शेवटी तिने विचारलं, "आणि लोक तुझ्या वडिलांचे आभार मानायचे?"

मला तो लग्नघरचा सांगावा आठवला. अंगणात हळद चालली होती, आणि तुमच्या अंगावर वहाणा आल्या होत्या. कपाळ पुसत तुम्ही घरी आलात.

"नाही," मी म्हणालो.

"बरं करायचे," ती म्हणाली, आणि दार लावलं.

आता ती मला रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूला जाते. तिचा राग मला समजतो. तिच्या जागी मी असतो तर मीही दार लावलं असतं. तुमचा मात्र मला राग येतो, आबा. जे सांगणं ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असावं लागतं, ते घेऊन परक्या मुलखात जायचं नसतं, एवढं तुम्ही सांगायला हवं होतं. पण तुम्हाला परका मुलूख म्हणजे तालुक्यापलीकडचं गाव, तुम्ही तरी काय सांगणार.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. तिला मी हे सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. स्टेशनवरून आमच्या गल्लीला सरळ रस्ता येतो. त्या संध्याकाळी मी नदीकाठाने लांबून गेलो. तुमच्या शिकवण्यात ते कुठे बसत नाही. ती बोलत होती, तो खाली झोपेल, मीठ सोडेल, आणि ऐकता ऐकता मलाही वाटायला लागलं होतं की सोडेल.