ग्रहणाला कापलेला एक्स-रे

३ फेब्रुवारी, सोमवार
धाकट्या भावाच्या, प्रभाकरच्या, उजव्या फुप्फुसात वर गाठ आहे. मेडिकल कॉलेजच्या क्ष-किरण विभागातल्या मोरे मॅडमनी सीटी पाहून दुपारी पक्कं सांगितलं. कॅन्सर, की तरुणपणच्या टीबीचा व्रण, ते मात्र सांगता येईना. शुक्रवारी सुई घालून गाठीचा तुकडा तपासायला काढायचा. प्र.चा दम आधीच तोकडा. सुईनं फुप्फुस बसलं तर...
"जुना एक्स-रे आहे का? तेव्हाही गाठ असेल तर सुई नको."
विभागात जुनं काही नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर. तेव्हा फिल्म वाळवून पेशंटच्याच हातात देत.

४ फेब्रु.
शहागडला प्र.च्या घरी. जुन्या एक्स-रेचं विचारलं. "गिरानाला कापला, दादा. पोरायनं सूर्य पाह्यला. चार तुकडे केल्ते."
त्याची बायको शोभा म्हणाली, "सगळ्या गल्लीनं ह्यांच्या छातीतून सूर्य पाह्यला. डॉक्टरलाच काही दिसंना."
प्र. हसला. खोकला आला. थांबेना.
खालचे दोन तुकडे कधीच गेले. वरचा एक शेजारच्या सुमनबाईंच्या आरशामागं सापडला. दुसरा वरचा त्यांची लेक आशा सासरी आष्टीला घेऊन गेली, पुढच्या ग्रहणाला कामी येईल म्हणून.

५ फेब्रु.
विभागात फिल्म बघायची दिव्याची पेटीच उरलेली नाही. मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा कोरा पांढरा केला, त्यावर तुकडा धरला. डाग आहे. तेवढाच. मला हायसं वाटलं. त्यांनी तुकडा उलटा केला. तरी तितकाच बरोबर दिसला, फक्त आता डाव्या फुप्फुसासारखा.
"ही उजवी बाजू असेल तर सुटलो. डावी असेल तर हा डावीकडचा जुना व्रण, तो सीटीतही आहे. मग उजवी गाठ नवी. बाजूचं अक्षर, R किंवा L, दुसऱ्या तुकड्यावर असणार; दोन्ही जोडले की कळेल."
आशाला फोन. ती अंकुशनगरला, ऊसतोडीवर. "घराला कुलूप हाय, काका. उद्या जाते."

६ फेब्रु.
दुपारी आशाचा फोन, आष्टीहून. "घावला. पेटीच्या तळाला चिकटून बसल्ता. कोपऱ्यावर तळाचा कागद चिकटून आलाय, खाली काय हाय दिसंना. वढून काढू का?"
मॅडमना विचारलं. "नको. अक्षरही निघून जाईल. आहे तसा आणा, इथं भिजवून सोडवू."
आशाची सासू तापानं पडलीय. रात्री निघता येत नाही, पहाटेच्या पहिल्या गाडीनं येते म्हणाली.
मॅडम उद्या प्र.ला शेवटचा नंबर देणार. त्यापुढं थांबता येणार नाही. सुईवाले डॉक्टर दुपारी जातात.
शोभा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय निघंल ते आधी मला सांगा. ह्यांना न्हाई."
प्र.नं ऐकलं होतं. "मला कशाला सांगता. सुई घेऊन आले की कळंलच की."
रात्रीपासून त्याला उपाशी ठेवायचंय. तुकडा आला तरी, न आला तरी.