लोणारला राहिलेल्या चपला

डोंगरकडा,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

विहीणबाई,

मनकर्णेचा नमस्कार घ्या. गुडघ्याला तेल लावता की नुसती बाटली उशाशी ठेवता?

संध्या बरी आहे. हे सगळ्यांत आधी लिहिते, कारण पुढे काही ओळी अशा येणार आहेत की तुम्ही पदर तोंडाला लावाल. तसं झालं तर परत वर येऊन हेच वाचायचं. या घडीला तुमची लेक चुलीपुढे बसली आहे आणि माझ्या हरीशने कांदा जाड चिरला म्हणून त्याला बोलते आहे.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तुम्ही मधेच रडल्या असत्या, मग मी रडले असते, आणि ह्यांनी बाहेरून विचारलं असतं, "कोण गेलं?" त्यापेक्षा कागद बरा.

इकडे केळीचे घड यंदा चांगले धरलेत. हळदीची पानं पिवळी पडायला लागली. ह्यांचा खोकला आहे तसाच आहे, तंबाखूही आहे तशीच आहे. परवा शनिवारी संध्या आणि मी एसटीने लोणारला जाऊन आलो.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला हे काय सुचलं! आषाढात बाळ गेल्यावर तुम्ही दवाखान्यातून जाताना माझा हात धरून म्हणाला होता, "पोरीला सांभाळा." सांभाळायचं म्हणजे काय, ते मला आजवर नीट कळलं नव्हतं. ती काम करायची, जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. स्वतःहून मात्र एक शब्द नाही. त्यात आमच्या चुलतजाऊ चंदाबाई. नवरात्रात भर हळदीकुंकवात संध्याकडे बघून म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची." मी तिथल्या तिथं त्यांना झाडलं आणि कुंकू न लावून घेता घरी आले. पण मी जे बोलले ते हवेत गेलं, आणि चंदाबाईचा शब्द पोरीच्या कानात राहिला.

मग एकदा टीव्हीवर लोणारचं तळं दाखवत होते. संध्या म्हणाली, "बी.ए.ला भूगोलात होतं हे. सर नेणार होते, राह्यलं." विहीणबाई, आपण होऊन बोललेलं पाच महिन्यांतलं पहिलं वाक्य! मी लगेच म्हटलं, जाऊ. हे म्हणाले, "खड्डा बघायला इतक्या लांब? आपली विहीर काय कमी खोल हाय?" ते आपले गमतीने बोलले. संध्याने मान खाली घातली, आणि मी चहाचा विषय काढला.

पहाटेच्या गाडीने हिंगोली गाठली. तिथे रिसोडच्या गाडीला ही गर्दी! आम्हा बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून अख्खी गाडी बायांचीच असते. पुरुष बिचारे दांडा धरून उभे. मी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. एक बाई भांडायला आली तर तिला सांगितलं, "रुमाल बोलत न्हाई, पण मी बोलते." सेनगाव गेलं, रिसोडला गाडी बदलली. संध्या खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. बाळ गेल्यापासून मी तिच्याकडेच बघत असते, हे तुम्हाला आता सांगते.

लोणारच्या स्टँडपासून आम्ही चालतच निघालो. काठावर उभं राहिलं की खाली केवढी तरी कढई दिसते. उतारभर जंगल आणि तळाशी हिरवं पाणी. आधी लोकांना ते ज्वालामुखीचं तोंड वाटायचं, आता म्हणतात आभाळातून उल्का पडली.

"पण दगड ज्वालामुखीचाच हाय, आई," संध्या म्हणाली. "लाव्हा थंड होऊन झालेला. आपल्या वावरातला काळा दगडबी तोच."

"म्हंजी आपण आगीवर हळद लावून राहिलो?"

"थंड झालेल्या आगीवर."

ती थोडंसं हसली. मला इतकं बरं वाटलं की पायाखालचा उतार विसरले आणि घसरले. तिनेच धरलं. मग खालपर्यंत हात सोडला नाही. वाटेवर वानरं होती, मोर ओरडत होते, झाडीत जुनी पडकी देवळं होती. पाण्याला कुजल्यासारखा वास येतो, तुम्हाला सोसला नसता. तळ्याकाठी देवीचं मंदिर आहे. तिथे ओटी भरली, दशम्या खाल्ल्या. माझे पाय सुजले होते. परतीची गाडी चुकली तर रात्री हिंगोलीला भावाच्या घरी पोचणं अवघड. म्हणून मीच म्हटलं, "तू हो पुढं. गाडी धर, मी येते सावकाश."

मीच म्हटलं, हे ध्यानात ठेवा.

ती गेली. मी घटकाभर बसले, देवीला परत हात जोडले आणि मंदिराच्या मागच्या अंगाने निघाले. तिथे पाण्याच्या काठी एका दगडावर संध्याच्या चपला होत्या. शेजारीशेजारी, नीट जोडून, तोंड पाण्याकडे.

आता परत वर जाऊन पहिल्या ओळी वाचून या. वाचल्या? मग पुढे ऐका.

मी हाका मारल्या. आवाज कढईत फिरून माझ्याकडेच यायचा. फोन दोघींचा मिळून एकच, तो माझ्या पिशवीत. मी तशीच पाण्यात शिरले, गुडघ्याइतकी. पाणी बुळबुळीत, तळ दिसत नव्हता. कशाला शिरले? मला पोहता येत नाही. पण तुम्हाला काय तोंड दाखवू, एवढं एकच डोक्यात होतं. पहारेकरी रूपसिंग म्हणून होता, तो पळत आला आणि मला बाहेर ओढलं.

"बाई, काहून पाण्यात जाऊन राहिल्या?"

मी चपलांकडे बोट केलं. तो म्हणाला, "अवो, आज शनवार. पीडा जावी म्हणून लोकं सोडून जातेत चपला. दर शनवारी उचलून राहिलो मी."

विहीणबाई, मी स्वतः हरीशच्या आजारपणात शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर चपला सोडून अनवाणी घरी आले होते. मला हे ठाऊक नव्हतं का? पण त्या दगडापाशी काही म्हणजे काही आठवलं नाही. माणसाच्या मनात जे बसलेलं असतं तेच त्याला दिसतं. आणि रूपसिंगने तरी तिला वर जाताना कुठं पाहिलं होतं?

ती चढण मी कशी चढले, मला विचारू नका. कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं, ते आता फेडता फेडता जन्म जाईल.

स्टँडच्या अलीकडूनच आवाज ऐकू आला. गाडी सुरू, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि दाराच्या पायरीवर तुमची लेक. अनवाणी, केस सुटलेले, कंडक्टरशी कडाकडा भांडत होती.

"टाइम झाला म्हंजी? माझी सासू खाली हाय! तिचे पाय दुखून राहिले. ती आल्याबिगर गाडी हालली न्हाई पाह्यजे. हालवा बरं, मी चाकापुढं बसते!"

कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमची सासू हाय का कलेक्टर?"

"त्याच्याहून मोठी हाय!"

मी तिथेच रस्त्यात बसले आणि रडले. सगळी गाडी बघत होती. बघू दे.

गाडीत बसल्यावर तिचे पाय मांडीवर घेतले. टाचा सोलल्या होत्या. मी रागावले, "काहून सोडल्यास चपला? सांगून तर जायचं."

"चंदाबाई म्हणल्या ना, पांढऱ्या पायाची. म्हणलं, पीडा पायात असंल त राहू द्या तिथंच." मग माझं ओलं लुगडं तिच्या नजरेला पडलं. "आई, तुमी पाण्यात गेलत्या? काहून?"

मी लुगड्याचा काठ पिळू लागले. तिला कळलं. एक गाव मागे पडलं, आणि ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आधी वाटायचं तसं. विहिरीवर गेलं की वाटायचं. दिवाळीपासून कमी झालं. आज तर वर चढताना नुसतं गाडीचं पडलं होतं."

मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. इतके दिवस मी एकटी ज्या गोष्टीला भीत होते ती तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली. आता आम्ही दोघी मिळून त्या गोष्टीकडे बघू. मी म्हटलं, नांदेडला मनाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. ती लगेच व्हय म्हणाली. हरीशला काल सगळं सांगितलं. तो रडला, मग उठून विहिरीला जाळी बसवायला माणूस बोलावून आला. गुरुवारी तिघं नांदेडला जातो आहोत.

तुम्ही तुमच्या लेकाला, जळबाला, रविवारी तिला न्यायला पाठवते म्हणाला होता. मी टोलवत होते. तिला डोळ्यांआड करायची मला भीती होती. आता पाठवा. तिला विचारलं, किती दिवस राहशील? म्हणाली, "हळद काढायला येईन परत. माझ्याबिगर तुमाला शिजवता कुठं येते नीट!" पुढच्या महिन्यांचं बोलली, विहीणबाई. चक्क माघातलं.

ती भांडली तर भांडू द्या. गप्प बसली तर जवळ बसा आणि सरळ विचारा, विहिरीचंसुद्धा विचारा. विचारल्याने काही वाढत नाही, हे मी शिकले.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'आपली विहीण' लिहीत आले. आज तसं लिहवत नाही. भर स्टँडवर, साऱ्या गाडीसमोर तिने मला जे नाव दिलं, तेच लिहिते.

तिची सासू,
मनकर्णा