पांढऱ्याचा खण

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचा फोन तुझ्या मुलाने केला, तू काही बोलायला आली नाहीस. आली असतीस तरी मी पहिल्याच वाक्याला भांडले असते आणि तू फोन आपटला असतास, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच गप्प करता येत नाही.

ट्रम्पेटवाल्याचा पांढरा कोट परत आला. बाहीच्या जळक्या भोकावर तू केलेला रफू इतका सफाईदार आहे की बोट फिरवलं तर लागत नाही. पण दिसतो. पांढऱ्या कोटावर क्रीम धागा, ताई. चहा सांडल्यासारखं दिसतंय. तो बिचारा म्हणाला की स्टेजवर लोक वाजवणं ऐकायचं सोडून बाही बघतात. अशी तक्रार ही काही पहिली नाही, आधीच्या मी पोटात घातल्या.

शिवाय तो रिळांचा खण. आईने रिळांवर कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत. डोळ्यांना दिसतं त्याला चिठ्ठी कशाला, असं तिचं म्हणणं, आणि आपणही तेच चालवलं. मी संध्याकाळी पांढऱ्याच्या खणातून क्रीम रिळं वेचून काढते. सकाळी तू ती परत तिथेच घालतेस, आणि वर विचारतेस की माझ्या खणाशी कोण खेळतंय. माझ्यावर राग असेल तर मला चार शब्द सुनाव ना. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर कशाला काढतेस?

तर मी ठरवलंय. खिडकीपाशी तुझं टेबल आहे तिथे दहा डिसेंबरला शिलाईचं मोठं मशीन बसेल. रफूचं काम बंद. तू लेकाकडे आराम कर. हे मी रागाने लिहीत नाही. बरं, थोडं रागानेच लिहितेय.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी


११ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. रागावले असले तरी देते, मोठी पडले ना.

आराम करून करून माझं अंग आंबलं. सून कशाला हात लावू देत नाही. परवा जिन्यात माझी शेवटची पायरी चुकली, तेव्हापासून तर हात धरूनच उतरवते. पोरगी गुणी आहे, पण रंगातलं तिला ओ की ठो कळत नाही. हॉल नुकताच रंगवलाय. मी कौतुकाने म्हटलं की क्रीम छान निवडलास. तर म्हणे, क्रीम नाही, पांढराशुभ्र आहे. चिरंजीवांनीही बायकोची री ओढली. घरात शांतता हवी म्हणून मी गप्प बसले, पण भिंत क्रीम आहे.

तुझ्या कोटाचंही तेच. मी धागा खिडकीत धरून, कापडाला लावून, तीनदा बघून घेतला होता. तो पांढराच होता. आणि खणातली चांगली पांढरी रिळं उचलून तूच भलतीकडे टाकतेस, मी ती जागेवर आणते. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नकोस.

त्या टेबलाशी माझे केस पिकले. नवरा गेला तेव्हा मी घरात रडले नाही, त्या टेबलाशी बसून चादरी रफू केल्या. ते काढलंस तर मी कुठे बसू, ते सांग. मी दहा तारखेच्या आत येणार म्हणजे येणार. पायरीचं निमित्त झालं म्हणून मुलगा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतोय, तेवढं उरकलं की निघाले.

प्रकृतीला जप. टेबलालाही.

तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कोट घेऊन गल्लीत फिरले. काही न सांगता समोर धरायचा, एवढंच. इस्त्रीवाल्याने थेट बाहीवर बोट ठेवलं. औषधाच्या दुकानातल्या मुलीने डाग काढायचं औषध पुढे केलं. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी मात्र कोट उलटासुलटा केला आणि भोक होतं कुठे असं मलाच विचारलं. हे एक तुझ्या बाजूचे. पण तेही तुझ्याच वयाचे, हल्ली सेकंदकाटा नातीकडून बसवून घेतात, तेव्हा त्यांचं मत मी धरलं नाही.

ताई, तू ये. हवी तितकी राहा. पण कामाला बसायला नको. लोक तुझ्या हाताला नावं ठेवतात ते मला ऐकवत नाही, आणि हे तुला सांगितल्याशिवाय राहवतही नाही. मशीनवाल्याला मी हो कळवलंय.

राग धर, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
धाकटी


२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी खाली बस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंसुद्धा. तुला कळवू नका असं मीच सांगितलं होतं. तू धावत आली असतीस आणि दुकान बंद पडलं असतं.

पट्टी निघाली तेव्हा घरी येऊन हॉलमध्ये बसले. भिंत पांढरीशुभ्र. म्हटलं, माझ्या पाठीमागे यांनी पुन्हा रंगवली की काय. मग उजवा डोळा मिटला, तर भिंत क्रीम. डावा मिटला, तर पांढरी. कितीतरी वेळ मी तेच करत बसले. शेवटी सुनेने घाबरून नवऱ्याला हाक मारली, तिला वाटलं मी तिला डोळे मारतेय.

मग पिशवीतली रिळं काढली. त्या खणातलीच दोन मी उचलून आणली होती, तुला खोटं पाडायला. डाव्या डोळ्याला दोन्ही सारखी दिसली. उजव्याला एक पांढरं दिसलं आणि एक क्रीम. अगं, एकाच डोक्यात दोन डोळे, आणि त्यांचंच आपसात पटेना. तुझं-माझं तर डोकंही वेगळं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डोळ्यातली काच वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी होत जाते. इतकी हळू, की ज्याची त्याला कळत नाही, जग आपलं होतं तसंच वाटत राहतं. म्हणजे मी तुला छळत नव्हते. तूही मला छळत नव्हतीस. आपण दोघी रोज खरं तेच बघून तो खण लावत होतो, आणि मनात एकमेकींना शिव्या देत होतो. याचं मला फार वाईट वाटलं.

आता ऐक. टेबल हलवायचं नाही. कोट उसवायचा नाही, माझी चूक माझ्याच हाताने निघेल. ट्रम्पेटवाल्याला सांग की म्हातारी येतेय. सुईला अजून थोडे दिवस परवानगी नाही, तर नुसती बसेन, पण बसेन तिथेच. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. नऊ तारखेला सकाळी पोचते. आणि घड्याळवाल्या काकांना डॉक्टरकडे धाड, तो माणूस माझ्या बाजूचा आहे.

भेटीची वाट बघतेय, दीड डोळ्याने.

तुझी,
ताई


६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मशीनवाल्याला नको म्हणून कळवलं. तो चिडला, चिडू दे.

तुझं पत्र वाचलं, पण मला ते नीटसं पटेना. इतका कसा फरक दिसणार, असं वाटत राहिलं. म्हणून बिस्किटांच्या डब्यावरचा पिवळा जिलेटिनचा कागद डोळ्यांवर बांधला, तुझ्या खुर्चीत बसले आणि पांढऱ्याचा खण ओढला, तू निघालीस त्या सकाळी लावलेला होता तसाच. ताई, मला एकही क्रीम रीळ सापडलं नाही. सगळी एकसारखी होती. तुझ्यावर ओरडले होते ते सगळं आठवलं, आणि मी तो कागद डोळ्यांवर तसाच ठेवून रडले. तेवढ्यात इस्त्रीवाला आला आणि मला बघून आल्या पावली परत गेला.

मग कागद काढून सवयीने क्रीम रिळं वेचायला घेतली, आणि होती तशी परत ठेवली. कोट तुझ्या खुर्चीवर टांगलाय. टेबल पुसून ठेवलंय. खण मी लावलेला नाही, पांढरी आणि क्रीम त्यात एकत्रच आहेत. तू येऊन लाव. संध्याकाळी मी त्याला हात लावणार नाही.

जिना सांभाळून उतर.

तुझी,
धाकटी